पोटातल्या काळोखात डोळा काय शिकतो?

या महिन्यात डोळ्यांविषयीची तीन पत्रं एकाच आठवड्यात आली. मी एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि माझ्या पीएच.डी.चा विषय होता कोंबडीच्या पिलाचं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा. त्यामुळे संपादकांनी तिन्ही पत्रं माझ्याकडे पाठवली. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न: बाई, माझी नात तिसाव्या आठवड्यातच जन्मली. वजन तेराशे ग्रॅम. आता ती घरी आली आहे. “पडदा पूर्ण तयार झाला का बघू” म्हणून डॉक्टरांनी दोनदा डोळे तपासले, तिसरी तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. माझा सात वर्षांचा नातू विचारतो, “आजी, पोटात तर काळोख असतो, मग बाळाच्या डोळ्यांना बघायला कोण शिकवतं?” मला काही सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का?
— एक आजी, कराड

उत्तर: आजी, तुमच्या नातवाने जे विचारलं ते शोधायला शास्त्रज्ञांना १९८८ साल उजाडावं लागलं. त्याला माझा आशीर्वाद सांगा.

आधी डोळा कुठून येतो ते सांगते. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आम्ही कोंबडीच्या गर्भाच्या काचपट्ट्या दाखवायचो: चोवीस तासांची, तेहतीस तासांची, अठ्ठेचाळीस, बहात्तर. तेहतीस तासांच्या पट्टीवर मेंदूच्या दोन्ही बाजूंना दोन फुगवटे दिसतात. मुलं विचारायची, “मॅडम, हे कान का?” ते डोळे असायचे. मेंदूची भिंतच बाहेर फुगते, मग आत दबून तिची वाटी होते आणि त्या वाटीचं अस्तर म्हणजे दृष्टिपटल. माणसाच्या गर्भात हे चौथ्या आठवड्यात सुरू होतं, तेव्हा आईला अनेकदा दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं. म्हणून डोळ्याचा पडदा हा मेंदूला जोडलेला कॅमेरा नाही, तो मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे. हे एकदा मनात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

या पडद्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. त्यात पेशींचे तीन थर आणि थरांमध्ये दोन पट्टे असतात. या पट्ट्यांत पेशींची शरीरं नसतात, नुसते धागे आणि त्यांच्या गाठीभेटी असतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी सगळ्यांत मागे, मधल्या पेशी मध्ये आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लिऑन पेशी सगळ्यांत पुढे. जन्माला मात्र निरोप नेणाऱ्या पेशी पहिल्यांदा येतात. प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशी आणि त्यांना पुढे जोडणाऱ्या बायपोलर पेशी बऱ्याच नंतरच्या. म्हणजे पत्र लिहिणारा अजून जन्मायचा आहे आणि पोस्टमन मेंदूच्या दाराशी जाऊन उभा आहे.

पोस्टमनही गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात. मानवी गर्भाच्या दृष्टिचेतेतले, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या जुडग्यातले, धागे १९८५ साली मोजले गेले. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात ते सुमारे ३७ लाख भरले आणि एकोणतिसाव्या आठवड्यापर्यंत सुमारे ११ लाख उरले. बाकीचे धागे ज्या पेशींचे होते त्या पेशीच मरून गेल्या. तुमची नात तिसाव्या आठवड्यात आली, म्हणजे ही मोठी छाटणी बहुतेक आटोपल्यावर. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढे कोंबडीच्या गर्भात तेच होताना पाहिलं आणि कळलं की छाटणीशिवाय नीट जोडणी होतच नाही.

आता काळोखाचा प्रश्न. इटलीत लुचिया गाली आणि लाम्बेर्तो माफेई यांनी उंदराच्या गर्भातल्या, म्हणजे जन्मही न झालेल्या पिलांच्या गँग्लिऑन पेशींना इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचे झटके टिपणारी बारीक तार, लावली. प्रकाशाला प्रतिसाद देण्याजोगं तिथे काहीच तयार नव्हतं. तरी त्या पेशी आपणहून झटक्याझटक्याने विजेचे निरोप पाठवत होत्या. हे १९८८ मध्ये छापून आलं. तीन वर्षांनी, १९९१ मध्ये, अमेरिकेत मायकेल माइस्टर, रेचल वाँग, डेनिस बेलर आणि कार्ला शाट्झ यांनी फेरेटच्या नवजात आणि मांजराच्या गर्भातल्या पिलांचा पडदा एकसष्ट इलेक्ट्रोडच्या जाळीवर पसरला. फेरेट हा लांबट अंगाचा छोटा प्राणी. त्याची पिलं इतकी कच्ची जन्मतात की महिनाभर डोळे मिटलेलेच असतात. त्या जाळीवर दिसलं असं की पेशी वाटेल तशा बडबडत नव्हत्या. एका जागी झटका सुरू व्हायचा, शेजारच्या पेशी उचलायच्या, मग त्यांच्या शेजारच्या, आणि पडद्यावरून लाट सरकत जायची. मग मिनिटभर किंवा थोडी जास्त शांतता आणि पुन्हा नवी लाट, दुसऱ्या जागेवरून.

नातवाला असं सांगा. वारीच्या वाटेवर डोळे मिटून बसायचं. टाळांचा गजर एका दिंडीतून उठतो, मागच्या दिंडीत पोचतो, मग तिच्या मागच्या. काहीही न बघता तुम्हाला कळतं की कोणती दिंडी कोणाच्या शेजारी आहे. मेंदू तसाच ऐकत असतो. ज्या पेशींचे निरोप एकाच वेळी येतात त्या पडद्यावर शेजारी असणार, म्हणून त्यांचे धागे मेंदूतही शेजारी टिकतात. जे धागे भलत्या जागी गेले, ज्यांचा ताल कोणाशी जुळत नाही, ते मागे घेतले जातात. दोन डोळ्यांतल्या लाटा एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे हा उजव्याचा, हा डाव्याचा, अशी वाटणीही काळोखातच होते.

या लाटा पुढे कासव, कोंबडी, उंदीर आणि माकड यांच्यातही सापडल्या. मानवी गर्भाच्या डोळ्यात इलेक्ट्रोड ठेवायचा प्रश्नच येत नाही, पण माकडापर्यंत जे टिकून राहिलं ते आपल्याकडे येताना गळलं असेल असं मला वाटत नाही. २०२१ साली येल विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की उंदराच्या पिलाचे डोळे उघडायच्या आधीच्या दिवसांत या लाटांना दिशा येते. त्या बहुतेक करून पडद्याच्या कानाकडच्या बाजूने नाकाकडच्या बाजूला जातात. प्राणी पुढे चालू लागला की समोरचं दृश्य त्याच्या पडद्यावरून याच दिशेने सरकतं. डोळे उघडायच्या आधीच चालण्याची तालीम होते! हा शोधनिबंध मी रात्री वाचला आणि निवृत्त होऊनही कोणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं.

म्हणजे उत्तर असं की काळोखात कोणी शिकवत नाही. डोळा आणि मेंदू एकमेकांशी बोलून आपापली जागा ठरवतात. प्रकाशाचं काम त्यानंतरचं.

आता, आजी, तुमच्या तिसऱ्या तपासणीबद्दल. ती अजिबात चुकवू नका. पेशींची जोडणी आतल्या आत होत राहते, पण पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि कानाकडच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना जवळजवळ पूर्ण चाळीस आठवडे लागतात. लवकर जन्मलेल्या बाळात ही वाढ मध्येच अडू शकते. पुढे चुकीच्या वाहिन्या फुटून पडदा ओढला जाऊ शकतो. म्हणून आपल्याकडे चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची पहिली तपासणी तीस दिवसांच्या आत करायला सांगतात, फारच लहान बाळ असेल तर वीस दिवसांच्या आत. लेसरने किंवा इंजेक्शनने हे थांबवता येतं, पण त्यासाठी मिळणारा वेळ काही दिवसांचाच असतो. बाहेरून बाळाचे डोळे छान टपोरे दिसतात, त्यावर जाऊ नका. गावी लग्न असो, पाऊस असो, तपासणीला जाच. आणि “आता वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या” असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत जात राहा.

प्रश्न: मॅडम, मी बारावीत आहे, नीटची तयारी करतो. पुस्तकात संपर्कस्थानाची, म्हणजे दोन चेतापेशी जिथे भेटतात त्या जागेची, आकृती आहे, ती पाठ आहे. पण दोन चेतापेशींनी एकमेकींना निवडलं कसं, हे कुठेच नाही. कोट्यवधी पेशींत चूक होत नाही का? सर म्हणाले, परीक्षेला येत नाही, सोड.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: सोडू नकोस.

तुझा अंदाज बरोबर आहे, संख्या प्रचंड आहे. माणसाच्या एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे ९ कोटी २० लाख दंडाकार आणि ४६ लाख शंक्वाकार पेशी मोजल्या गेल्या आहेत, आणि मेंदूकडे जाणारे धागे जेमतेम ११-१२ लाख. मधल्या गर्दीत कोणी कोणाला भेटायचं?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट दिसला तो स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांना. गॉल्जी या इटालियन शास्त्रज्ञाची पद्धत त्यांनी वापरली. पोटॅशियम डायक्रोमेट, मग सिल्व्हर नायट्रेट, आणि शंभरात एखाददुसरीच पेशी काळी होते, पण ती पूर्ण, शेवटच्या फांदीपर्यंत. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा ठिपका दिसला असता. मी स्वतः हे केलं आहे. सिल्व्हर नायट्रेटने बोटं आठवडाभर तपकिरी राहायची. दहा पट्ट्या वाया जायच्या आणि अकरावीवर एक पेशी अशी उमटायची की जेवायला उठवत नसे. काहाल यांनी पाहिलं की पेशी स्वतंत्र असतात आणि वाढणाऱ्या धाग्याच्या टोकाला एक पसरट, चाचपडणारा पंजा असतो. गॉल्जींचं मत उलट होतं, सगळं एकच अखंड जाळं आहे असं ते मानत. १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. पन्नासच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट दाखवली आणि काहाल बरोबर ठरले.

त्या पंजाला वाट कोण दाखवतं? १९४० च्या दशकात अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी न्यूट नावाच्या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराची दृष्टिचेता कापली आणि डोळा खोबणीत उलटा फिरवला. उभयचरांत ती चेता पुन्हा वाढते, आपल्यात वाढत नाही. ती वाढली, दिसू लागलं, पण वर धरलेल्या भक्ष्यासाठी तो खाली झेपावायचा. कितीही दिवस गेले तरी सुधारणा नाही. म्हणजे प्रत्येक धागा आपल्या जुन्याच घरी परतला होता, अनुभवाने शिकून नव्हे, कसल्या तरी रासायनिक खुणेने. हे मत त्यांनी १९६३ साली नीट मांडलं आणि खुणेचे रेणू प्रत्यक्ष हाती लागायला १९९५ साल आलं. इफ्रिन हे त्यांचं नाव. मेंदूत एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ, आणि धाग्यांवर त्यांना ओळखणारे ग्राही. कोणता धागा किती दाटपणा सहन करतो त्यावर त्याची जागा ठरते.

हे झालं मेंदूपर्यंतचं. खुद्द पडद्यातली निवड मला जास्त प्रिय आहे, कारण तिच्याकडे मी स्वतः वर्षानुवर्षं बघत होते. आतल्या धाग्यांचा पट्टा कोंबडीच्या गर्भात नवव्या दिवशी अगदी बारीक रेघ असतो, सोळाव्या दिवशी चांगला रुंद. तो एकसारखा दिसतो, पण एकसारखा नाही. इमारतीसारखे त्यात मजले असतात. उजेड वाढला की बोलणाऱ्या पेशी एका बाजूच्या मजल्यांवर भेटतात, उजेड कमी झाला की बोलणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या. मजला चुकला तर निरोप चुकला.

मासाहितो यामागाता आणि जोशुआ सेन्स यांनी २००२ आणि २००८ साली कोंबडीच्याच गर्भावर काम करून दाखवलं की सायडकिक आणि डीस्कॅम नावाच्या प्रथिनांच्या जोड्या वेगवेगळ्या पेशींवर असतात आणि प्रत्येक प्रथिन स्वतःसारख्यालाच चिकटतं. ज्या दोघींवर एकच प्रथिन, त्या दोघींचे धागे एकाच मजल्यावर. एखाद्या पेशीला दुसरं प्रथिन दिलं की तिच्या फांद्या मजला बदलतात! माझ्या हातात तेव्हा हे साधन असतं तर, असं मला अनेकदा वाटलं आहे.

पुढे उंदरात, २०१५ साली, एका विशिष्ट गँग्लिऑन पेशीवर हे तपासलं गेलं. मागचं दृश्य स्थिर असताना एखादी लहान वस्तू हलली, तरच ही पेशी बोलते, जसा दूरवरच्या आभाळात घारीचा ठिपका. सायडकिक-२ काढून टाकलं तर तिची तिच्या ठरलेल्या जोडीदार पेशीशी जोडणी फार कमजोर होते. बाकी पडदा ठीक, पण हा एक निरोप हरवतो.

चुका होतात का? होतात, आणि आधी सांगितलेल्या छाटणीत बऱ्याच निघून जातात. काही राहतात. एखाद्या जनुकातला बदल प्रकाशपेशी आणि बायपोलर पेशी यांच्यातला निरोपच बंद पाडतो. असं मूल दिवसा बऱ्यापैकी बघतं आणि संध्याकाळी चाचपडतं, जन्मापासून. पडदा तपासला तर दिसायला जवळजवळ धड असतो. या मुलांना ‘रातांधळेपणा म्हणजे गाजर खा’ एवढंच सांगून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. जीवनसत्त्वाची कमतरता नसताना गाजराने संपर्कस्थान दुरुस्त होत नाही.

क्रमही लक्षात ठेव. आतल्या पट्ट्यात गँग्लिऑन पेशी आणि मधल्या थरातल्या अमॅक्राइन पेशी यांची संपर्कस्थानं आधी, बाहेरच्या पट्ट्यात प्रकाशपेशी आणि मधल्याच थरातल्या हॉरिझॉन्टल पेशी यांची त्यांच्या मागोमाग, आणि दोन्ही पट्टे सांधणाऱ्या बायपोलर पेशींची शेवटी. पुलाची दोन टोकं बांधून झाल्यावर मधला गाळा बसवतात तसं. परीक्षेत हे येणार नाही. तू पुढे कधी सूक्ष्मदर्शकाशी बसलास तर मात्र येईल.

प्रश्न: माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. एक डोळा आळशी आहे म्हणून चष्मा दिला आणि चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी लावायला सांगितली. तो रडतो, पट्टी ओढतो. सासूबाई म्हणतात, चष्मा आहे ना, मग चांगला डोळा कशाला झाकायचा, मोठा झाला की होईल नीट. खरंच गरज आहे का?
— एक आई, डोंबिवली

उत्तर: आहे, ताई. आणि सासूबाईंनाही हे वाचायला द्या. त्या नातवाच्या काळजीनेच म्हणतात हे मला माहीत आहे.

माझ्या धाकट्या भावाचा डावा डोळा असाच होता. तो सहा वर्षांचा असताना आईने एका ठिकाणी दाखवलं. तिथे सांगितलं, “एकाने दिसतंय ना, मोठा झाला की जाईल.” त्याला सैन्यात जायचं होतं. वयाच्या अठराव्या वर्षी वैद्यकीय तपासणीत त्याला उजवा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला आणि सगळ्यांत मोठ्या अक्षराखालची एकही ओळ त्याला वाचता आली नाही. घरी येऊन तो दोन दिवस बोलला नाही. माझ्या विषयाकडे मी वळले त्यामागे हे आहे.

मुलाचा डोळा म्हणून जो दिसतो तो बहुधा निरोगी असतो. पडदाही बहुधा ठीक असतो. अडचण पुढे, मेंदूत असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीसेल यांनी १९६३ साली मांजराच्या पिलांची एक पापणी काही आठवडे शिवून ठेवली. उघडल्यावर त्या डोळ्यात काही बिघाड नव्हता, पण मेंदूच्या दृष्टीच्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पेशी आता दुसऱ्याच डोळ्याला उत्तर देत होत्या. मोठ्या मांजरावर हेच केलं तर असं होत नाही. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्यात वाटेकरी होते वर सांगितलेले स्पेरी.

काळोखातल्या लाटा कच्चा आराखडा आखतात. जन्मानंतर दोन्ही डोळ्यांतून येणारी स्पष्ट चित्रं तो पक्का करतात, आणि त्यात दोन्ही डोळ्यांत जागेसाठी चढाओढ असते. तुमच्या मुलाचा चष्मा चित्र स्पष्ट करतो. पण मेंदूने आधीच एका डोळ्याचं ऐकायचं कमी केलं आहे. पट्टीमुळे चांगला डोळा दोन तास गप्प बसतो आणि दुसऱ्याचं ऐकणं भाग पडतं. दोन तास कमी वाटतील, पण मध्यम प्रमाणात आळशी असलेल्या डोळ्यासाठी दोन तास आणि सहा तास यांची तुलना अमेरिकेत झाली आणि २००३ साली निकाल आला: चार महिन्यांनी दोन्हींत सुधारणा सारखीच. पट्टी असताना रोज किमान एक तास जवळचं बारीक काम करायला त्या मुलांना सांगितलं होतं.

सात वर्षांच्या आत याचा सर्वांत चांगला फायदा होतो. नंतरही काही मुलांत होतो, म्हणून मोठ्या मुलांच्या आईवडिलांनीही आशा सोडू नये. तुमच्या हातात पूर्ण दोन वर्षं आहेत.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी इथेच सांगते. बाळाच्या बुबुळामध्ये पांढरा ठिपका दिसला, किंवा फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा आला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा. जन्मतःच मोतीबिंदू असेल तर पहिल्या दोन महिन्यांत केलेल्या शस्त्रक्रियेला जे जमतं ते दोन वर्षांनी जमत नाही. उत्तर भारतातल्या अंध मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया करून त्यांची दृष्टी अभ्यासणारा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ हा पवन सिन्हा यांचा उपक्रम आहे. तिथली आठ-दहा वर्षांनी बघू लागलेली मुलंही पुष्कळ शिकतात, हे वाचून मला मोठा धीर आला. पण हातांनी चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणं त्यांना पट्टी काढल्याकाढल्या जमलं नाही, काही दिवसांनी जमू लागलं. आणि नजरेचा बारीकपणा बहुतेकांना पूर्ण मिळाला नाही.

आता पट्टीचं. ती लावायची वेळ रोज एकच ठेवा. त्या वेळेसाठी एक खास काम राखून ठेवा, जे एरवी करायला मिळत नाही. तांदळातले खडे वेचणं, मोठ्या मण्यांची माळ ओवणं, कॅरमच्या सोंगट्या रंगाप्रमाणे लावणं, चित्रातल्या रेघेवर पेन्सिल फिरवणं. पहिले आठ-दहा दिवस तो रडेल, कारण त्याला खरोखर धूसर दिसतं. त्याला खोटं सांगू नका की दिसतंय. सांगा की आपण या डोळ्याला शिकवतोय आणि तू त्याचा मास्तर आहेस. सासूबाईंना खडे वेचायला त्याच्या शेजारी बसवा.

पुढच्या तपासणीत त्याने तक्त्यावरची कोणती ओळ वाचली ते मला नक्की कळवा.